हळदीचं गाणं गाजलं, पैसे पंधरा हजार. आता आयपीआरएसचं सभासद व्हावं का?

घणसोलीकर | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण हे विचारायला ओळखीत कुणी नाही.

मी घणसोली गावातला. दिवसा रबाळे एमआयडीसीत नोकरी, रात्री आणि शनिवार-रविवार कीबोर्ड. हळद, साखरपुडा, जत्रा, बोलावतील तिथे आमचा ग्रुप वाजवतो. सहा-सात वर्षांपासून स्वतःच्या चाली बांधतोय. शब्द माझ्या मित्राचे. तो कोपरखैरण्याला रिक्षा चालवतो आणि स्टँडवर नंबर लागेपर्यंत डायरीत लिहितो. दोघांची मिळून एकवीस गाणी झालीत. त्यातली चार इकडच्याच एका यूट्यूब चॅनलला दिली, दोन आम्ही स्वतः टाकली, बाकीची डायरीत आहेत.

मे २०२३मध्ये दिलेलं हळदीचं एक गाणं चाललं. गेल्या लग्नसराईत दिव्यापासून उरणपर्यंत जिथे वाजवायला गेलो तिथे लोकांनी तेच मागितलं. परवा ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसवर बसची वाट बघत होतो, तर शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या फोनवर रील लागलं आणि त्यात आमचा दुसरा अंतरा. अंगावर काटा आला. तिला काही बोललो नाही, बस आली तसा चढलो.

या गाण्याचे आम्हा दोघांना मिळून पंधरा हजार मिळाले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही करून दिली, "सगळे हक्क कायमचे आमचे" असं चॅनलवाल्याने सांगितलं. स्टुडिओचा खर्च त्याचा होता. व्ह्यूज वाढल्यावर मित्राने फोन केला, तर "व्यवहार झालाय ना भाऊ" एवढंच उत्तर.

आमच्या गावात सिडकोच्या साडेबारा टक्क्यांचे, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडांचे, कागद न वाचता सही करून दिलेली माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. एक आमच्याच घरात होतं. त्यामुळे ही सही मला फार लागलीये.

विचारायचं हे, की आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सभासद आत्ता व्हावं की आणखी पाच-दहा गाणी येईपर्यंत थांबावं? सही करून बसलोय, तर आता काही उरलंय का? आणि आमचा गायक म्हणतो, मलाही त्यात घे. तसं घेता येतं का?

---

बेलापूरचा_सूर | शनिवार, रात्री ११:५२

अभिनंदन भाऊ, गाणं लोकांच्या तोंडी बसणं ही मोठी गोष्ट आहे.

माझं मत मात्र थांबा असं आहे. मी इंडी कलाकार, शब्द माझे, चाल माझी, रेकॉर्डिंग माझ्या खर्चाने, डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, सगळीकडे टाकतो. पैसे थेट खात्यात येतात. सोसायटीचं सभासद झालात की गाण्याचे सादरीकरणाचे हक्क तुम्ही त्यांच्याकडे अभिहस्तांकित करता, म्हणजे ते हक्क त्यांच्या नावे होतात. उद्या एखाद्या कॅफेवाल्याला "लाव माझं गाणं, पैसे नकोत" म्हणायचं असेल, तर ते तुमच्या हातात राहत नाही. दोन-तीन गाण्यांसाठी एवढं कशाला? आधी डायरीतली पंधरा बाहेर काढा.

---

नौपाडाकर | रविवार, सकाळी ७:३०

घणसोलीकर, धागा रात्रीच वाचला होता, पण सावकाश लिहायचं म्हणून सकाळवर ठेवलं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग पुढचं सगळं सोपं जाईल. ज्याला आपण "गाणं" म्हणतो त्यात कायद्याच्या हिशोबाने तीन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द, ते तुमच्या मित्राचे. चाल, ती तुमची. आणि स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण, ते ज्याने खर्च केला त्या निर्मात्याचं, म्हणजे तुमच्या बाबतीत चॅनलचं. शिवाय गायकाचा कलावंत म्हणून वेगळा हक्क असतो, तो चौथा.

बेलापूरचा_सूर यांना डिस्ट्रिब्युटरकडून जे येतं ते ध्वनिमुद्रणाचं. शब्द आणि चालीचे पैसे आपल्याकडे वेगळ्या वाटेने जातात, आणि ती वाट म्हणजे आयपीआरएस. स्पॉटिफाय, यूट्यूब, रेडिओ, टीव्ही, हॉटेल, मॉल, तिकीट लावून केलेले कार्यक्रम, या सगळ्यांकडून शब्द-चालीचं शुल्क ही संस्था घेते आणि सभासदांत वाटते. तुम्ही सभासद नसाल तर तुमचा वाटा तुमच्यापर्यंत यायला रस्ताच नाही. बेलापूरकर, तुमचंही एका बाजूचं येतंय आणि दुसऱ्या बाजूचं पडून राहतंय. हे कळकळीने सांगतोय, कारण मी स्वतः अनेक वर्षं तसंच घालवलं.

संस्था १९६९ची. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असा आला, की निर्मात्याने मोबदला देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर हक्क निर्मात्याचा. त्यानंतर पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकारांच्या हातात फारसं काही नव्हतं. चित्र बदललं २०१२च्या कायदादुरुस्तीने. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. नोव्हेंबर २०१७मध्ये आयपीआरएसची कॉपीराइट सोसायटी म्हणून नव्याने नोंदणी झाली.

आता पैशाबद्दल खरं सांगतो. माझं पहिलं विवरणपत्र आलं तेव्हा एका ओळीत १ रुपया ८४ पैसे होते. गाण्याचं नाव, कुठे वाजलं, माझा हिस्सा किती, आणि शेवटी १.८४. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "ओळी किती आहेत ते मोजा." ओळी बऱ्याच होत्या. त्यावर घर चालत नाही, पण दर वाटपात न मागता येतात, आणि एखादं गाणं मध्येच जोर धरतं तेव्हा तो आकडा बघून हात थांबतो. तुमचं हळदीचं गाणं आज त्या जोरात आहे, म्हणून तुम्ही थांबू नका. वाटप त्या त्या काळाच्या वसुलीचं होतं. उशिरा आलेल्याला मागचं सगळं उकरून मिळत नाही.

---

घणसोलीकर | रविवार, सकाळी ९:०५

काका, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पण माझी तर सही झालीये. चॅनलवाला म्हणणार की शब्द-चालीचंही सगळं माझं.

---

वकील_वर्तकनगर | रविवार, दुपारी १:२०

कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अंतिम मत देणार नाही, पण कायदा काय म्हणतो ते सांगते.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १८ आणि १९, २०१२च्या दुरुस्तीसह. गीतकार आणि संगीतकार आपला कॉपीराइट दुसऱ्याला लिहून देऊ शकतात, पण रॉयल्टी मिळण्याचा हक्क लिहून देऊ शकत नाहीत. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कराराच्या कागदावर "रॉयल्टीचा हक्क सोडला" असं लिहून घेतलं असेल तर ती ओळ निरर्थक आहे. तुमचं गाणं सिनेमातलं नाही, त्यामुळे तुम्हाला कलम १९चं पोटकलम १० लागू पडतं. सिनेमाबाहेरच्या ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-चालीच्या कुठल्याही प्रकारच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत लेखकाचा (कायद्याच्या भाषेत गीतकार आणि संगीतकार दोघंही लेखक) समान वाटा. "कुठल्याही प्रकारच्या" हे शब्द कायद्याच्या मजकुराचेच आहेत.

सिनेमाच्या बाबतीत एकच अपवाद, चित्रपटगृहात सिनेमा दाखवला जातो तेव्हा त्यातल्या गाण्याची वेगळी रॉयल्टी नाही.

आता दोन गोष्टी कागदात शोधा. मुदत लिहिलीये का, आणि प्रदेश लिहिलाय का? चॅनलवाला तोंडाने काय म्हणाला ते बाजूला ठेवा, लिहिलंय काय ते वाचा.

---

घणसोलीकर | रविवार, रात्री १०:४०

ताई, दुपारी कपाट उपसलं. कागद आईच्या साडीच्या पिशवीत लाइट बिलांबरोबर होता. एकच पान, टाइप केलेलं. दोनदा वाचलं, मग मित्राला फोनवरून वाचून दाखवलं.

लिहिलंय ते असं: "सदर गीताचे ऑडिओ व व्हिडिओचे सर्व हक्क लिहून देत आहोत. मोबदला रुपये १५,००० मिळाला." खाली आमच्या दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. "कायमचे" हा शब्द कुठेही नाही. किती वर्षं ते नाही, भारत की जग ते नाही. इतकी वर्षं मी मनात जो कागद वाचत होतो, तो हा नव्हताच.

---

वकील_वर्तकनगर | सोमवार, सकाळी ८:१५

उत्तम. कलम १९, पोटकलम ५: मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पोटकलम ६: प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे शब्द-चालीपुरतं बोलायचं तर मे २०२८ला विषय पुन्हा तुमच्या दारात येतो, आणि समान वाट्याचा तुमचा हक्क आजही आहेच. ध्वनिमुद्रण चॅनलचं, ते त्याचंच राहील, त्यावर भांडू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, कारण "कधी" याला कायद्यात एक नेमकी जागा आहे आणि ती फार कमी कलाकारांना माहीत असते. पोटकलम ८. लेखक एखाद्या कॉपीराइट सोसायटीचा सभासद असेल आणि त्याने सोसायटीला आधी दिलेल्या हक्कांच्या अटींविरुद्ध कुणाशी करार केला, तर तो करार शून्यवत ठरतो. याचा व्यवहारातला अर्थ असा: पुढच्या चॅनलच्या कागदावर सही करण्याआधी तुम्ही सभासद असाल, तर सोसायटीकडे गेलेले हक्क तो तुमच्याकडून लिहून घेऊच शकत नाही. तुम्हाला त्याच्याशी हुज्जत घालावी लागत नाही, "मी सभासद आहे, ते हक्क माझ्याकडे नाहीत" एवढं म्हणायचं. सही आधी आणि सभासदत्व नंतर, असं झालं की मग असे कागद शोधत बसावं लागतं.

डायरीत पंधरा गाणी आहेत म्हणालात. म्हणून आत्ताच व्हा.

---

बेलापूरचा_सूर | सोमवार, सकाळी ९:३०

हे पोटकलम ८ मला माहीत नव्हतं. माझं शनिवारचं मत बदलतो. एक शंका राहतेच. डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर "पब्लिशिंग"चं एक खोकं असतं, जादा पैसे भरून टिक करायचं. ते म्हणजे हेच का? मी केलं होतं.

---

नौपाडाकर | सोमवार, सकाळी १०:४५

हो, तेच. शब्द-चालीचे पैसे तुमच्या वतीने जगभरातून गोळा करून देतो, असा तो करार असतो. तो चालू ठेवून आयपीआरएसचा अर्ज भरलात तर एकाच गाण्यावर दोन दावेदार उभे राहतात आणि दोन्हीकडचे पैसे अडकतात. आधी तो करार वाचा, बंद करायची सूचना किती दिवसांची आहे ते बघा, तो बंद करा, मग अर्ज करा. ध्वनिमुद्रणाचं वितरण चालू राहू दे, त्याचा याच्याशी संबंध नाही. परदेशात वाजलेल्याचंही आयपीआरएसकडून येतं. ती सिझॅक या पॅरिसजवळच्या महासंघात आहे आणि तिकडच्या भगिनी संस्थांशी तिचे करार असतात.

---

कोपरीची_गायिका | सोमवार, दुपारी ३:१०

गायकाच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, ते मी देते. मी अठरा वर्षं गातेय. गडकरी रंगायतनपासून विष्णुदास भावेपर्यंत सगळीकडे.

फक्त गाणाऱ्याला आयपीआरएसमध्ये जागा नाही. ती शब्द लिहिणाऱ्यांची, चाल बांधणाऱ्यांची आणि प्रकाशकांची संस्था. गायकांसाठी इसरा होती, २०१३मध्ये नोंदलेली, तिचंच नाव आता इसाम्रा. वादकही तिच्यात आले आहेत. गायकाचा हक्क २०१२च्या दुरुस्तीत कलम ३८-अ मध्ये पक्का झाला आणि सादरीकरणापासून पन्नास वर्षं टिकतो. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून हट्ट धरला, रफीसाहेबांचं मत वेगळं होतं, त्यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्या हट्टाचं कायद्यात रूप यायला जवळपास पन्नास वर्षं लागली. तेव्हा घणसोलीकर, तुमच्या गायकाला इसाम्राचा अर्ज भरायला सांगा आणि दोघंही आपापल्या घरात सुखी राहा. प्रेमापोटी त्याचं नाव चालीच्या हिश्शात लिहू नका. मी दोन जिवलग मित्रांना यावरून कोर्टापर्यंत गेलेलं पाहिलंय.

एक विनंती सगळ्यांनाच. कार्यक्रम झाला की सादर केलेल्या गाण्यांची यादी, गीतकार-संगीतकाराच्या नावांसह, आयोजकाला लेखी द्या. परवाना आयोजकाने काढायचा असतो, कलाकाराने नाही. पण आयोजकाने पैसे भरले आणि यादी दिलीच नाही, तर त्या संध्याकाळी कुणाची गाणी झाली हे सोसायटीला कळणार कसं? मागच्या दिवाळी पहाटेला मी बावीस गाण्यांची यादी हाताने लिहून दिली. त्यात तीन गाणी ठाण्यातल्याच एका तरुण संगीतकाराची होती. तो विंगेत उभा राहून नावाचं स्पेलिंग तपासत होता.

---

मंडळाचा_कार्यकर्ता | सोमवार, रात्री ८:००

विषय निघालाय म्हणून विचारतो. आमचं कळव्याला नवरात्रीचं मंडळ आहे. आम्हाला हे पैसे भरावे लागतात का? आणि घणसोलीकरांचं गाणं शेकडो हळदींत वाजतं, त्याचे त्यांना किती मिळणार?

---

वकील_वर्तकनगर | सोमवार, रात्री ९:२५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घणसोलीकरांना आवडणार नाही. हळदीत वाजलेल्याचं काही मिळत नाही. कलम ५२(१)(झेडए) नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेलं संगीत हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर समारंभ धरलेत. हळद त्यातच येते. केंद्र सरकारच्या उद्योगसंवर्धन विभागाने जुलै २०२३मध्ये सोसायट्यांना तशी जाहीर सूचनाही काढली. सरकारचे, महापालिकेचे अधिकृत समारंभही याच सवलतीत येतात.

मंडळाची आरती, पूजा, मिरवणूक यांना अडचण नाही. पण मैदान भाड्याने घेऊन, पास विकून, प्रायोजकांचे फलक लावून दांडियाची रात्र केलीत तर तिला धार्मिक समारंभ म्हणणं कठीण आहे. तिथे आधी परवान्याची चौकशी करा. शब्द-चालीचा परवाना आणि ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगवेगळे असतात, तेव्हा डीजे लावणार की वाद्यवृंद, हेही आधी ठरवा.

---

घणसोलीकर | सोमवार, रात्री १०:१०

हळदीचं मिळत नाही हे वाचून क्षणभर वाईट वाटलं. पण आईला सांगितलं तर ती म्हणाली, हळदीत गाण्याचे पैसे आपण कधी घेतलेत का? ती धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात धवले म्हणते, आजीकडून शिकलेली. तिला मान मिळतो, लुगडं मिळतं, पण बोली नसते. मग माझंही मन शांत झालं. रील्स, यूट्यूब, रेडिओ आणि हॉटेलांचं मिळालं तरी पुष्कळ.

---

कळव्याची_लेक | मंगळवार, सकाळी ११:००

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे वडील भजनं लिहायचे, चालीही त्यांच्याच. १९८०च्या दशकात त्यांच्या भजनांच्या तीन कॅसेट निघाल्या. कंपनीने एकदाच काहीतरी दिलं होतं, त्यातून घरात पंखा आला. बाबा २००९मध्ये गेले. त्यांची भजनं आजही यूट्यूबवर आहेत, कुणीकुणी चढवलेली, खाली "पारंपरिक" लिहिलेलं. बाबांच्या हस्ताक्षरातल्या वह्या माझ्याकडे आहेत. आता उशीर झाला का?

---

नौपाडाकर | मंगळवार, दुपारी १२:३०

ताई, अजिबात नाही. गीतकार-संगीतकार गेल्यानंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं त्यांचा हक्क चालतो. बाबा २००९मध्ये गेले, म्हणजे २०६९च्या डिसेंबरअखेरपर्यंत. आपल्या ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम १९९७मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५७पर्यंत चालेल. गदिमा १९७७मध्ये गेले आणि बाबूजी २००२मध्ये, तेव्हा दोघांनी मिळून केलेल्या गाण्यात गदिमांच्या शब्दांची मुदत २०३७ला संपेल, पण बाबूजींच्या चालीची २०६२पर्यंत राहील. शब्द आणि चाल वेगळी मालमत्ता असते म्हणतो, ते असं.

संतांच्या अभंगांचंही तेच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण खळेकाकांनी बांधलेली चाल "पारंपरिक" नाही, ते २०११मध्ये गेले. भजनी मंडळांनी यूट्यूबवर टाकताना चाल कुणाची, हे एकदा विचारावं.

तुम्ही वारस म्हणून अर्ज करू शकता. मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा लागेल, आणि भावंडं असतील तर त्यांची संमती. वह्या जपा. पानांचे फोटो काढा, कॅसेटचं कव्हर असेल तर त्याचा आधी काढा. त्यावर छापलेलं नाव हा फार मोठा पुरावा असतो. १९८०च्या दशकातल्या कराराचं काय, ते मात्र वकीलताईंना कागद दाखवूनच ठरवा.

---

कळव्याची_लेक | मंगळवार, दुपारी १:४५

कव्हर आहे. दोन कॅसेटचं आहे. आत्ताच काढून बघितलं, "गीत-संगीत" असं लिहून खाली बाबांचं पूर्ण नाव. मी हे वीस वर्षांत वाचलंच नव्हतं.

---

वकील_वर्तकनगर | मंगळवार, सायंकाळी ६:३०

ताई, मला व्यक्तिगत निरोप पाठवा, कागद बघते. फी वगैरे मनात आणू नका.

रेडिओबद्दल एक राहिलं. एफएम केंद्रांचं म्हणणं असं, की आम्ही ध्वनिमुद्रणाचे पैसे भरतो, शब्द-चालीचे वेगळे कशाला? २८ एप्रिल २०२३ला मुंबई उच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या बाजूने आदेश दिला, की २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क ध्वनिमुद्रण वाजवलं तरी उभा राहतो.

आणि सगळ्यांसाठी: दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात गाणं नोंदवणं वेगळं, सोसायटीचं सभासद होणं वेगळं. नोंदणी ऐच्छिक आहे, शब्द किंवा चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये. हक्क गाणं लिहिलं-बांधलं तेव्हाच जन्माला येतो, नोंदणी हा पुरावा.

---

खारेगाव_सीए | मंगळवार, रात्री ९:००

कराचं थोडक्यात. रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापतात, एका वर्षात ५०,०००च्या पुढे गेल्यावर. पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेलं विवरणपत्र भरून परत मिळवता येतं, म्हणून रिक्षावाल्या मित्रालाही रिटर्न भरायला लावा. स्वतः टाकलेल्या गाण्यांसाठी अमेरिकी डिस्ट्रिब्युटर डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म मागतो. भरला तर तिकडच्या श्रोत्यांकडून आलेल्या कमाईवर ३०ऐवजी १५ टक्के कापतात.

---

घणसोलीकर | साडेतीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:२०

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

अर्ज भरला, आम्ही दोघांनीही, वेगवेगळा. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक, फोटो, प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची माहिती. वारसदाराचं नाव विचारतात तिथे मित्राने बायकोचं लिहिलं आणि बराच वेळ त्या खिडकीकडे बघत बसला. रिक्षाच्या परवान्यानंतर पहिल्यांदाच आपल्या नावावर काहीतरी होतंय, म्हणाला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गाण्यांची माहिती जमवण्यात, आणि नौपाडाकर काकांनी फोनवर बजावलं होतं ते इथे पटलं. सभासद झालो म्हणजे झालं नाही, एकेक गाणं नोंदवलं पाहिजे, नाहीतर पैसे कुठल्या गाण्याला लावायचे? आमच्या हळदीच्या गाण्याचं नाव चॅनलने एका ठिकाणी एक स्पेलिंग करून टाकलंय, ऑडिओ ॲपवर दुसरं, आणि कॉलरट्यूनला तिसरं. गीतकार म्हणून एका ठिकाणी मित्राचं टोपणनाव, दुसरीकडे चक्क गायकाचं नाव. रविवारी कोपरखैरण्याला त्याच्या घरी बसून एक मोठी वही केली. एका ओळीला एक गाणं: नाव, नावाची सगळी रूपं, गीतकार, संगीतकार, हिस्सा, गायक, तारीख, आणि ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक. हिस्सा आम्ही पन्नास-पन्नास धरला. चॅनलचा वाटा असलेल्या चार गाण्यांत निम्मं चॅनलचं, उरलेलं आम्ही पंचवीस-पंचवीस. त्या पानाच्या खाली दोघांनी सही केली.

चॅनलवाल्याचा गेल्या आठवड्यात फोन आला, नवीन गाणं हवंय. या वेळी आकडा चांगला आहे. मी सांगितलं, देतो, पण आम्ही आयपीआरएसला अर्ज केलाय आणि कागदावर मुदत, प्रदेश आणि आमची नावं जशीच्या तशी हवीत. दोन मिनिटं शांत होता, मग म्हणाला, मसुदा पाठव. ताई, मसुदा तुम्हाला पाठवलाय.

आता शेवटची शंका. आईचे धवले रेकॉर्ड करायचेत. तिच्या बरोबरीच्या बायका आता फार राहिल्या नाहीत. पण मावशीच्या मुलाने मागे असंच एक पारंपरिक गीत टाकलं तर कुणा तिऱ्हाइताचा कंटेंट आयडी दावा (यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखून लावते तो) आला, गाणं आमचं म्हणून. असं आमच्या बाबतीत झालं तर? आणि आईचं नाव कुठल्या रकान्यात लिहू? शब्द तिचे नाहीत, चालही नाही.

---

वकील_वर्तकनगर | रविवार, रात्री ११:०५

दावा आला तर यूट्यूबवर हरकत नोंदवायची, दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. हरकतीत स्पष्ट लिहा, रचना पारंपरिक आहे आणि ध्वनिमुद्रण आमचं स्वतःचं आहे. शब्द आणि चालीपुढे "पारंपरिक" लिहा, तिथे स्वतःचं नावही घालू नका. रेकॉर्डिंगचा खर्च तुमचा, तर निर्माता तुम्ही. आणि आई गायिका आहेत. कलावंत म्हणून त्यांचा हक्क त्या गातील त्या दिवसापासून.

---

कोपरीची_गायिका | रविवार, रात्री ११:२०

इसाम्राच्या अर्जाला मी मदत करते. आईंना विचारून त्यांचं पूर्ण नाव लिहा, माहेरचंही.

---

घणसोलीकर | सोमवार, सकाळी ६:५०

विचारलं. आधी म्हणाली, माझं कशाला, देवाचं काम आहे. मग स्वतःच वही ओढून घेतली आणि गायिकेच्या रकान्यात नाव लिहिलं. तिचं, तिच्याखाली आजीचं. दुसरं खोडू का म्हणून विचारलं तर नको म्हणाली. पुढच्या रविवारी घरातच रेकॉर्डिंग आहे, गावातल्या तिघी येणार आहेत, त्यांचीही नावं वहीत घेतोय.